अल-फत्ह मशीद: बुजलेला खंदक कसा बघायचा

मदिनेत झियारतची, म्हणजे पवित्र स्थळं दाखवणारी, बस ‘सात मशिदीं’पाशी थांबते. माणसं उतरतात, मशिदी मोजतात, सहाच भरतात, मग सातवी कुठे म्हणून ड्रायव्हरला विचारतात. एवढ्यात दहा मिनिटं संपलेली असतात. फोटो निघतो तो खालच्या नव्या मोठ्या मशिदीचा. जिच्यामुळे ही जागा बघायची ती अल-फत्ह मशीद वर डोंगराच्या उतारावर आहे, आणि निम्मे लोक तिथवर जातच नाहीत. ज्याच्या नावाने इ.स. ६२७ ची ‘खंदकाची लढाई’ ओळखली जाते तो खंदक तर कोणालाच दिसत नाही. तो शतकांपूर्वीच बुजला. त्यावर आता रस्ते आणि इमारती आहेत.

तरीही ही जागा नीट बघता येते. त्यासाठी लढाईची जागा डोक्यात बसायला हवी. ती एकदा बसली की मशिदीच्या पायरीवर उभं राहून खंदक कुठून कुठे गेला असेल, याचा अंदाज तुमचा तुम्हाला बांधता येतो.

आधी जमीन समजून घेऊ. मदिना हे तेव्हा आजच्यासारखं एकसंध शहर नव्हतं. खजुरीच्या बागा, मधे मधे टोळ्यांच्या वस्त्या आणि दगडी गढ्या असा तो पसारा होता. पूर्वेला ‘हर्रत वाकिम’ आणि पश्चिमेला ‘हर्रत अल-वबरा’ ही लाव्हाची दोन पठारं. हर्रा म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या दगडांनी भरलेला माळ. आपल्या सह्याद्रीचा कातळ ज्या जातीचा, त्याच बेसॉल्टचा हा दगड. पण आपला कातळ लाखो वर्षांच्या पावसाने झिजलेला, तर इथला बराचसा लाव्हा भूशास्त्राच्या हिशेबाने कालपरवाचा. मदिनेच्या जवळचा शेवटचा उद्रेक इ.स. १२५६ मधला, म्हणजे या लढाईनंतर सहाशेहून अधिक वर्षांनी झालेला. धारदार, सुटे, एकमेकांवर पडलेले धोंडे असल्यामुळे तिथे घोडा दौडत नाही, उंटाचे मऊ तळवे फाटतात आणि रांगा धरून फौज चालूच शकत नाही. दक्षिणेला दाट बागा, घरं आणि कुंपणं. त्या अरुंद वाटांमधून मोठी फौज आत आली असती तर तिचे तुकडे पडले असते.

उरली उत्तर. तिथे जमीन सपाट आणि मोकळी, घोडदळाला हवी तशी. या लढाईच्या दोन वर्षं आधी, हिजरी (इस्लामी सन) ३ मध्ये, उहुदची लढाई त्याच बाजूला झाली होती. तिथे खालिद इब्न अल-वलीद यांच्या घोडेस्वारांनी मागून वळसा घालून मुसलमानांची फळी मोडली होती. (तेव्हा खालिद मक्केच्या बाजूने लढत होते.) त्यामुळे उत्तरेकडून घोडदळ आलं तर काय होतं, हे मदिनेला अनुभवाने ठाऊक होतं.

हिजरी ५, म्हणजे इ.स. ६२७. मदिनेतून घालवलेल्या बनू नजीर या यहुदी टोळीचे पुढारी मदिनेच्या उत्तरेला असलेल्या खैबरला जाऊन बसले होते. हुयय इब्न अख्तब हे त्यांतलं मुख्य नाव. त्यांनी मक्केच्या कुरैशांना आणि नज्दच्या (मध्य अरबस्तानातल्या) गतफान टोळ्यांना एकत्र आणलं. अबू सुफयान यांच्या हाताखाली कुरैश आणि त्यांचे मित्र सुमारे ४,०००, शिवाय गतफान आणि इतर, अशी सगळी मिळून सुमारे १०,००० माणसं निघाली. अरबस्तानाच्या त्या काळच्या मानाने ही प्रचंड फौज होती. मदिनेकडे लढू शकतील अशी माणसं ३,०००च्या आसपास. अनेक टोळ्यांच्या या युतीला अरबीत ‘अहजाब’ म्हणतात. कुरआनचा ३३वा अध्याय याच नावाचा आहे आणि त्यात या वेढ्याचं वर्णन येतं.

उत्तरेची मोकळी बाजू खणून तोडायची, ही सूचना पैगंबरांचे इराणी साथीदार सलमान फारसी यांची. इराणात शहराभोवती खंदक खोदण्याची पद्धत होती, अरबस्तानात ती कोणी पाहिली नव्हती. कुरैश पोचले तेव्हा ‘ही अरबांची रीत नव्हे’ असं ते म्हणाल्याची नोंद जुन्या चरित्रांत आहे.

आता प्रत्यक्ष कामाचा हिशेब करून पाहू. तो केला की या जागेचं वजन कळतं. परंपरेत असं सांगितलंय की पैगंबरांनी स्वतः रेघ आखून दिली आणि दर दहा माणसांना ४० हात लांबीचा तुकडा वाटून दिला. तीन हजार माणसं धरली तर दहा-दहांचे ३०० गट, गुणिले ४०, म्हणजे १२,००० हात. हात म्हणजे दीड फूट. १८,००० फूट, म्हणजे जवळपास साडेपाच किलोमीटर. आजच्या पुस्तकांत खंदकाची लांबी ‘साडेपाच किलोमीटर’ अशी ठामपणे छापलेली दिसते, तिचं मूळ बहुतेक या गुणाकारात आहे. मोजपट्टी लावून कोणी ती मोजलेली नाही. शिवाय सगळे ३,००० एकाच वेळी खोदत नसणार. काहींना पहारा होता, काही पोरसवदा होते. उहुदच्या वेळी चौदा वर्षांचे म्हणून परत पाठवलेले अब्दुल्लाह इब्न उमर यांना इथे पंधरा पूर्ण झाले म्हणून घेतलं गेलं.

एका माणसाच्या वाट्याला चार हात, म्हणजे सहा फूट लांबी आली. रुंदी १५ फूट आणि खोली १० फूट धरू. हा आपला अंदाज, कारण जुन्या ग्रंथांत एकमताने सांगितलेलं माप नाही. सहा गुणिले पंधरा गुणिले दहा म्हणजे ९०० घनफूट, म्हणजे नऊ ब्रास. ज्यांनी घराचा पाया किंवा विहीर खणून घेतली आहे त्यांना नऊ ब्रास म्हणजे काय ते सांगायला नको. मुरमाड जमिनीत एक ब्रास खोदून बाहेर टाकायला धडधाकट मजुराचा साधारण एक दिवस जातो. काही वृत्तांत खंदक सहा दिवसांत झाला म्हणतात, काही वीस दिवस किंवा त्याहून जास्त सांगतात. सहा दिवसांत व्हायचं तर माणशी रोज दीड ब्रास पडतो, तोही अर्धपोटी आणि थंडीत. म्हणून आम्हाला असं वाटतं की खंदक सलग आणि सगळीकडे सारख्या मापाचा नसावा. जिथे घरांच्या भिंती, गढ्या, दाट बागा होत्या तिथे त्यांचाच आधार घेतला असणार. कुठे अरुंद राहिला, कुठे उथळ. पुढे लढाईत हेच दिसतं.

अवजारंसुद्धा पुरेशी नव्हती. फावडी, कुदळी आणि टोपल्या बनू कुरैजा या मदिनेतल्याच यहुदी टोळीकडून उसन्या आणल्या होत्या. तेव्हा त्यांच्याशी करार होता. टोपल्या कमी पडल्या तेव्हा अबू बकर आणि उमर यांनी माती आपल्या कपड्यात भरून वाहिली. पैगंबर स्वतः माती उचलत होते, पोटावर मातीचा थर बसला होता, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींत, येतं. भुकेमुळे पोटाला दगड बांधलेले. एक कातळ फुटेना तेव्हा त्यांनी कुदळ हातात घेतली. याच दिवसांत जाबिर इब्न अब्दुल्लाह यांनी एक करडू आणि मापभर जव एवढ्या स्वयंपाकावर पैगंबरांना गुपचूप जेवायला बोलावलं. पैगंबरांनी खोदणाऱ्या सगळ्यांनाच आवाज दिला, आणि ते अन्न हजार माणसांना पुरलं, असं बुखारीच्या हदीस-संग्रहात आहे. झियारतच्या बसमध्ये मार्गदर्शक हाच प्रसंग हमखास सांगतो.

खंदक काम कसा करायचा? नुसता खड्डा असता तर तो पुरा पडला नसता. उपसलेली माती आतल्या, म्हणजे मदिनेच्या बाजूला टाकली होती, त्यामुळे खड्ड्याच्या काठावर आपोआप बांध तयार झाला. घोड्याला रुंद फट ओलांडता येते, पण पलीकडचा काठ उंच असेल आणि वर भाला धरलेला माणूस उभा असेल तर घोडा उडी घेत नाही. घेतलीच तर पुढचे पाय मातीत रुततात. बांधावर सलअच्या डोंगरातले दगड रचून ठेवले होते. ते आड लपायलाही उपयोगी आणि फेकायलाही. बाण दोन्हीकडून चालत, पण मोकळ्या मैदानात उभे असलेले कुरैश उघडे पडत. म्हणून दहा हजारांच्या फौजेचं रूपांतर वेढा घालून बसलेल्या गर्दीत झालं.

आणि वेढा घालून बसणं त्यांना परवडणारं नव्हतं. मदिनेभोवतीची पिकं त्याआधीच कापून झाली होती. घोड्या-उंटांना बाहेर चारा नाही. टोळ्यांनी लूट मिळेल म्हणून साथ दिलेली, त्यांना महिना-महिना बसायची सवय नाही. वेढा वीस दिवसांहून अधिक, काहींच्या मते महिनाभर चालला. माणसं मेली फारच थोडी: मुसलमानांकडची सहा आणि दुसऱ्या बाजूची तीन, असं जुने चरित्रकार देतात.

त्या तीनपैकी एक अम्र इब्न अब्द वुद्द. मक्केचा नामांकित योद्धा. खंदकाची एक अरुंद जागा हेरून त्याने आणि आणखी काही स्वारांनी घोडे टाकले आणि ते पलीकडे आले. अली त्याच्यासमोर गेले आणि त्यांनी त्याला मारलं. बाकीचे परत पळाले. त्यातला नौफल इब्न अब्दुल्लाह हा घोड्यासकट खंदकात पडून मेला. खंदक कुठेतरी अरुंद राहिला होता याचा हा सरळ पुरावा. त्यानंतर अशा जागांवर रात्रंदिवस पहारा ठेवावा लागला. एकदा दिवसभर हल्ले चालू राहिल्यामुळे असरची, म्हणजे दुपारनंतरची, नमाज वेळेत झाली नाही, सूर्य बुडाल्यावर करावी लागली. नमाज सुटल्याचा हा उल्लेख हदीसच्या ग्रंथांत पुन्हा पुन्हा येतो.

खरी भीती मात्र समोरून नव्हती. बनू कुरैजांची वस्ती आग्नेयेला, म्हणजे खंदकाच्या मागे. हुयय इब्न अख्तब त्यांच्याकडे गेला आणि त्यांनी मदिनेशी असलेला करार मोडला, ही बातमी आली तेव्हा मागचं दार उघडं पडलं. बायकामुलं गढ्यांमध्ये होती. गतफानांनी निघून जावं म्हणून मदिनेच्या खजुरांचा एक तृतीयांश देण्याचा विचारही झाला, पण मदिनेच्या टोळ्यांचे पुढारी साद इब्न मुआज आणि साद इब्न उबादा यांनी तो नाकारला. मग नुऐम इब्न मसऊद हा गतफानांतला, नुकताच गुपचूप मुसलमान झालेला माणूस दोन्ही छावण्यांत फिरला आणि कुरैजा व कुरैश यांच्यात अविश्वास पेरून आला. ‘कुरैशांकडून आधी ओलीस मागा’ असं एकीकडे, ‘ते तुमची माणसं मागून मुसलमानांच्या हवाली करणार आहेत’ असं दुसरीकडे. त्यात एका रात्री गार वारा सुटला. तंबू उखडले, चुली विझल्या. हुजैफा इब्न अल-यमान यांना टेहळणीला पाठवलं होतं. अबू सुफयान निघायचं म्हणतात, हे ऐकून ते परत आले. सकाळी मैदान रिकामं होतं.

याचा पुढचा भाग मार्गदर्शक सहसा गाळतात. लगेच बनू कुरैजांना वेढा पडला. ते शरण आल्यावर निवाडा त्यांचेच जुने मित्र साद इब्न मुआज यांच्याकडे सोपवला गेला. खंदकावर हाताच्या शिरेत बाण लागून ते तेव्हा मृत्यूच्या दारात होते. त्यांच्या निवाड्याप्रमाणे पुरुषांना ठार मारण्यात आलं, बायकामुलांना गुलाम करण्यात आलं. मारलेल्यांचा आकडा जुन्या ग्रंथांत चारशेपासून नऊशेपर्यंत वेगवेगळा आहे. ही जागा समजून घ्यायची तर तिची ही बाजूही ठाऊक असावी.

आता मशिदीकडे. सलअ हा मस्जिदे नबवीच्या (पैगंबरांच्या मशिदीच्या) वायव्येला, चालत जाता येईल इतक्या अंतरावरचा सुमारे एक किलोमीटर लांबीचा डोंगर. मुसलमानांची छावणी याला पाठ लावून होती, तोंड उत्तरेकडे, मधे खंदक. अल-फत्ह मशीद सलअच्या पश्चिमेकडच्या उतारावर, बाकीच्या छोट्या मशिदींपेक्षा उंचावर आहे. म्हणून जुन्या ग्रंथांत तिला ‘वरची मशीद’ असंही म्हटलंय. अहजाब मशीद हे तिचं तिसरं नाव. वेढ्याच्या दिवसांत पैगंबरांनी इथे उभं राहून दुआ (प्रार्थना) मागितली, अशी परंपरा आहे.

पहिली बांधीव मशीद उमर इब्न अब्दुल अजीज यांनी, ते मदिनेचे सुभेदार असताना, हिजरी ८७ ते ९३ च्या दरम्यान उभारली. पुढे हिजरी ५७५ मध्ये ती नव्याने बांधली गेली आणि एकोणिसाव्या शतकात उस्मानी सुलतान अब्दुल मजीद पहिले यांच्या काळात दुरुस्त झाली. त्यानंतर सौदी काळातली डागडुजी. त्यामुळे आज दिसणाऱ्या भिंती ‘पैगंबरांच्या काळच्या’ नाहीत. जुनी आहे ती जागा. आकार मोठ्या खोलीएवढा. घुमट-मिनार असं काही मनात धरून गेलात तर निराश व्हाल.

‘सात मशिदी’ या नावाचा घोळ इथेच सोडवू. अल-फत्हच्या खाली सलमान फारसी, अली, उमर, अबू बकर आणि फातिमा यांच्या नावांच्या लहान मशिदी. एकूण सहा. फातिमांच्या नावाची मशीद साद इब्न मुआज यांच्या नावानेही ओळखली जाते. सातवी म्हणून बहुतेक वेळा मोजतात ती किबलतैन मशीद. ती इथून थोड्या अंतरावर आहे, पण झियारतची बस एकाच फेरीत दोन्हीकडे नेते, म्हणून तिची मोजणी यात झाली. छोट्या मशिदींना चिकटलेली सहाबांची (पैगंबरांच्या साथीदारांची) नावं बऱ्याच नंतरची आहेत. ‘इथेच फातिमा नमाज पढत’ असं कोणी ठामपणे सांगितलं तर तेवढ्यावर सोडून द्या. अल-फत्हच्या बाबतीत मात्र परंपरा जुनी आहे. यातल्या सगळ्याच मशिदी आज जुन्या रूपात उभ्या आहेत असं नाही, आणि ज्या आहेत त्यांची दारं कधी उघडी असतात, कधी कुलूपबंद. फरज, म्हणजे सक्तीची, नमाज खालच्या मोठ्या खंदक मशिदीत होते. ही मशीद अलीकडची आहे. वुजू (नमाजाआधी हात-पाय-तोंड धुणं) आणि स्वच्छतागृहाची सोय तिथेच, वर नाही.

वर चढल्यावर काय बघायचं? आधी दिशा लावून घ्या. मदिनेत किबला (मक्केची, नमाजाची दिशा) जवळपास सरळ दक्षिणेला असतो, म्हणजे मिहराबकडे (ती दिशा दाखवणाऱ्या भिंतीतल्या कोनाड्याकडे) तोंड केलं की खंदकाची मुख्य बाजू तुमच्या पाठीशी. नमाजाला उभा राहिलेला माणूस शत्रूकडे पाठ करून उभा राहायचा. पहारेकरी कशाला लागत आणि असर का हुकली, हे इथे उभं राहिल्यावर कोणी सांगावं लागत नाही. आता वळून उत्तरेला बघा. इमारतींच्या मागे लांबलचक, तांबूस, आडवा पसरलेला डोंगर दिसतो तो उहुद. त्याच्या आणि तुमच्या मधला सपाट पट्टा म्हणजे कुरैश आणि गतफान यांच्या छावण्यांचा भाग. खंदक ईशान्येला, बनू हारिसांच्या वस्तीकडल्या शैखैन गढ्यांपाशी, पूर्वेच्या हर्र्याजवळ सुरू झाला. तो सलअच्या उत्तरेने पश्चिमेकडे येऊन मजाद या जागेकडे गेला, जी तुमच्या डाव्या हाताला, पश्चिमेच्या लाव्हाच्या दिशेने. म्हणजे दोन काळ्या माळरानांच्या मधली मोकळी फट खंदकाने शिवून टाकली. दोन्ही टोकं दगडाला टेकलेली, मधे डोंगर पाठीशी. ही आखणी डोळ्यांनी एकदा जुळली की बाकी तपशील आपोआप जागेवर बसतात.

सलअच्या उत्तरेला जुबाब नावाची छोटी टेकडी आहे. पैगंबरांचा तंबू वेढ्यात तिथे होता असं सांगतात आणि तिथली लहान मशीद ‘राया’, म्हणजे निशाणाची मशीद म्हणून ओळखली जाते. बस तिथे थांबत नाही. स्वतःच्या गाडीने फिरत असाल तर मात्र तिला वेळ द्या.

बुधवारबद्दल थोडं. जाबिर यांच्याकडून आलेल्या एका हदीसनुसार पैगंबरांनी इथे सोमवार, मंगळवार आणि बुधवार दुआ मागितली, आणि बुधवारी जोहर (दुपारची नमाज) आणि असरच्या मधे ती मान्य झाली. जाबिर पुढे सांगतात की महत्त्वाचं काम असलं की ते याच वेळेला दुआ मागत. ही हदीस मुसनद अहमद या संग्रहात आहे. तिच्या सनदेवरून, म्हणजे ती कोणाकडून कोणाकडे आली त्या साखळीवरून, विद्वानांत मतभेद आहेत, आणि मान्य करणाऱ्यांतही महत्त्व जागेला की वेळेला, यावर एकमत नाही. तुमच्या गटाने बुधवार धरलाच, तर एक लक्षात ठेवा: जोहर आणि असरच्या मधला तो वेळ मदिनेत दिवसातला सर्वांत तापलेला असतो. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि उताराचा दगड त्याहून तापतो.

वेळेचा प्रश्न आपल्याकडच्या गटांना वेगळ्या कारणानेही पडतो. हज समितीमार्फत गेलेले यात्रेकरू मदिनेत साधारण आठ दिवस राहतात आणि मस्जिदे नबवीत सलग चाळीस नमाजा पुऱ्या करायचा त्यांचा प्रयत्न असतो. मग झियारत बसते ती फजर (पहाटेची नमाज) आणि जोहरच्या मधेच. फजरनंतर लगेच निघालात तर अल-फत्हला पोचता सूर्य उगवायच्या आधी किंवा उगवताना, आणि नेमक्या त्याच वेळी नफ्ल, म्हणजे ऐच्छिक, नमाज मना आहे. हनफी परंपरेच्या मुसलमानांना सूर्य वर येईपर्यंत, साधारण पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं. कोकणातले मुसलमान बहुतांश शाफई परंपरेचे. त्यांच्याकडे मशिदीत शिरल्याची दोन रकात (आवर्तनं) नमाज या वेळेतही चालते. रत्नागिरी-रायगडचे आणि मराठवाड्याचे लोक एकाच बसमध्ये असले की एक निम्मी बस नमाजाला उभी राहते आणि दुसरी बघत बसते, आणि मग ‘तुमचं चुकतंय’ सुरू होतं. कोणाचंच चुकत नाही. सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने पोचेल असा बेत केला की प्रश्नच मिटतो. असरनंतर जायचा बेत केला तर हीच अडचण मगरिबपर्यंत, म्हणजे सूर्यास्तापर्यंत, राहते.

या मशिदीत ठरावीक असा कोणताही विधी नाही. दोन रकात, दुआ, एवढंच. भिंतीला हात घासणं, माती किंवा खडे बांधून आणणं याला तिथले कर्मचारी हरकत घेतात. पहिल्यांदा नुसतं सांगतात, ऐकलं नाही तर सगळ्या गटालाच खाली जायला सांगतात. नमाज पढणाऱ्यांचे फोटो काढू नका.

किती वेळ लागेल? वर चढून, दोन रकात पढून, दिशा लावून बघून खाली यायला पाऊण तास धरा. बसवाला दहा-पंधरा मिनिटं देत असेल तर गटाने आदल्या दिवशीच त्याच्याशी बोलून घ्यावं, आयत्या वेळी तो ऐकत नाही. स्वतंत्रपणे जायचं तर उबर आणि करीम दोन्ही मदिनेत चालतात. मस्जिदे नबवीपासून अंतर थोडं असल्याने भाडं फार होत नाही, पण परतीची गाडी खालच्या मोठ्या मशिदीच्या रस्त्यावर बोलवा. वर उतारावरचा ठिपका दिला की ड्रायव्हर डोंगराच्या भलत्याच बाजूला जाऊन उभा राहतो. पर्यटकांसाठीच्या लाल दुमजली बसचाही एक थांबा इथे आहे. शुक्रवारी दुपार टाळा.

वुजू मुक्कामावर किंवा खाली करून वर जा. चपला ठेवायला कापडी पिशवी बरोबर ठेवा, कारण वर ठेवलेल्या चपला गर्दीत सापडत नाहीत आणि तापल्या फरशीवर अनवाणी चालणं जमत नाही. पातळ मोजे असले तर उत्तम. पाण्याची बाटली, उन्हासाठी छत्री. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना आग्रह करून वर नेऊ नका. त्यांना खालच्या मशिदीत बसवा, बायकांसाठी तिथे वेगळी जागा आहे. हवेच्या दृष्टीने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. जानेवारीच्या पहाटे तर शाल लागते, आणि वेढ्यातल्या त्या रात्रीच्या गारठ्याची कल्पना येते.

रौजासाठी (मस्जिदे नबवीतल्या पैगंबरांच्या कबरीजवळच्या जागेसाठी) ‘नुसुक’ अ‍ॅपवर वेळ घ्यावी लागते आणि ती हुकली तर पुन्हा मिळणं अवघड. म्हणून आधी रौजाची वेळ पक्की करा, मग झियारतचा दिवस ठरवा. उलट क्रमाने केलं की दोन्ही एकाच सकाळी येतात.

मुसलमान नसलेल्या मराठी वाचकांपैकी कोणी नोकरीनिमित्त जेद्दाह किंवा रियाधला असतील, तर त्यांच्यासाठी: मस्जिदे नबवीच्या आवारात बिगरमुस्लिमांना प्रवेश नाही. शहराच्या बाकी भागाबाबत नियम अलीकडच्या वर्षांत सैल झाले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी भारतीय शिष्टमंडळासह मदिनेला गेल्या होत्या आणि त्यांनी उहुदचा डोंगर पाहिला, कुबा मशिदीलाही बाहेरून भेट दिली. खंदकाची जागा बाहेरून बघता येते. मशिदीच्या आत जाण्याआधी तिथल्या माणसाला विचारा.

अल-फत्हनंतर सोयीचा रस्ता किबलतैनकडे जातो. जेरुसलेमऐवजी मक्केकडे तोंड करण्याचा आदेश हिजरी २ मध्ये आला त्या घटनेशी ही मशीद जोडलेली आहे. तिथे वीस मिनिटं पुरतात. मग शहर ओलांडून दक्षिणेला कुबा. घरून वुजू करून कुबाला जाऊन नमाज पढली तर उमऱ्याचं (मक्केच्या छोट्या यात्रेचं) पुण्य, अशी हदीस आहे. म्हणून ज्यांना ते साधायचं असेल त्यांनी मुक्कामावरून निघतानाच वुजू करावा आणि फेरी लांबवू नये. चहा-पाण्याचे थांबे कुबानंतर. शनिवारी पैगंबर कुबाला जात असत, त्यामुळे त्या दिवशी तिथे गर्दी जास्त. शनिवार असेल तर क्रम उलटा करा: आधी कुबा, मग किबलतैन, शेवटी खंदक, आणि जोहरच्या अजानच्या तासभर आधी मस्जिदे नबवीकडे परत. त्यानंतर निघालात तर आवाराबाहेरच रस्त्यात अडकाल.